अल्जिनेटमधलं ग्युल्युरोनिक आम्ल येतं कुठून?

तुमचे दोन प्रश्न आहेत. अल्जिनेट या जिवाणूंनी बनवलेल्या लांब शर्करा-साखळीत मॅन्युरोनिक (एम) आणि ग्युल्युरोनिक (जी) अशी दोन आम्लं असतात, मग जिवाणूत फक्त जीडीपी-मॅन्युरोनिक आम्ल (जीडीपी या वाहक रेणूला जोडलेलं एम) बनवणारं एन्झाइमच का दिसतं? आणि अल्जिनेट तोडणारं लायेज ते बनवणाऱ्या जनुकांच्याच रांगेत काय करतंय?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. जिवाणू साखळीत जी जोडतच नाही. साखळी पूर्णपणे एमची बनते आणि नंतर तिच्यातल्याच काही एमचं जीमध्ये रूपांतर होतं. हे एकदा पटलं की बाकीची एन्झाइम्स आपोआप जागेवर बसतात.

सुरुवात पेशीद्रवात होते. फ्रुक्टोज-६-फॉस्फेटपासून अल्ग-ए हे एन्झाइम मॅनोज-६-फॉस्फेट बनवतं, अल्ग-सी त्याचं मॅनोज-१-फॉस्फेट करतं, आणि पुन्हा अल्ग-ए हेच एन्झाइम त्याचं जीडीपी-मॅनोज करतं. एकच प्रथिन दोन पायऱ्या सांभाळतं. इथवरचा माल पेशी इतर बहुशर्करांसाठीही वापरते. अल्ग-डी मात्र एनएडी या इलेक्ट्रॉन-वाहकाचे दोन रेणू खर्चून जीडीपी-मॅनोजचं जीडीपी-मॅन्युरोनिक आम्ल करतं, आणि तिथून परतीची वाट नाही. अल्जिनेटच्या निर्मितीवर नियंत्रण शोधायचं असेल तर अल्ग-डीच्या जनुकापासून सुरुवात करा.

मग आतल्या पटलातलं अल्ग-८ साखळी वाढवतं. त्याच्या जोडीला अल्ग-४४ लागतं. ते चक्रीय-डाय-जीएमपी हा संदेशवाहक रेणू पकडतं. तो पकडता आला नाही तर साखळी बनत नाही.

साखळी पेरिप्लाझममध्ये, म्हणजे आतल्या आणि बाह्य पटलामधल्या जागेत, उतरली की अल्ग-जी हे एपिमरेज कामाला लागतं. ते एमच्या पाचव्या कार्बनवरचा प्रोटॉन एका बाजूने काढतं आणि विरुद्ध बाजूने परत देतं, की एमचा जी झाला. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या अल्जिनेटमध्ये मात्र जीला लागून जी सापडत नाही. सलग जीचे पट्टे असतात ते ॲझोटोबॅक्टर विनेलँडीच्या अल्जिनेटमध्ये. हा जिवाणू कॅल्शियमवर चालणारी आणखी सात एपिमरेज पेशीबाहेर सोडतो, अल्ग-ई-१ ते अल्ग-ई-७. कॅल्शियमसोबत घट्ट जेल होण्याची ताकद या सलग पट्ट्यांतूनच येते. वाचताना एक सांभाळा: स्यूडोमोनासमधलं अल्ग-ई हे एपिमरेज नव्हे. ते बाह्यपटलातलं छिद्र आहे, ज्यातून तयार अल्जिनेट बाहेर पडतं.

अल्ग-आय, अल्ग-जे, अल्ग-एफ आणि अल्ग-एक्स मिळून काही एमवर ॲसिटिल गट चढवतात. असा झाकलेला एम पुढे जी होऊ शकत नाही, आणि लायेजलाही तो सहजी तुटत नाही. म्हणजे जी किती असावेत यावर ॲसिटिल गटांचाही हात असतो.

आता लायेज, म्हणजे अल्ग-एल. त्याची पहिली चाल एपिमरेजसारखीच आहे: पाचव्या कार्बनवरचा प्रोटॉन काढणं. फरक पुढे पडतो. एपिमरेज प्रोटॉन परत देतं. लायेज दोन घटकांमधला दुवा तोडतं आणि मागे दुहेरी बंध उरतो. सर्वाधिक पटणारं स्पष्टीकरण असं, की वाट चुकून पेरिप्लाझममध्ये अडकलेलं अल्जिनेट ते साफ करतं. काही प्रयोगांत अल्ग-एल नसताना निर्मिती चालू केल्यावर अल्जिनेट आतच साचलं आणि पेशी फुटल्या.

याला जोडून एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अल्ग-जीमध्ये फक्त त्याची क्रिया बंद पाडणारा बदल केला तर जिवाणू निव्वळ एमची लांब साखळी बाहेर टाकतो. अल्ग-जी हे प्रथिनच काढून टाकलं तर साखळी मिळत नाही, छोटे तुकडे मिळतात, कारण अल्ग-एल तिला वाटेतच कापतं. म्हणजे अल्ग-जी केवळ एमचा जी करत नाही. अल्ग-के आणि अल्ग-एक्ससोबत पेरिप्लाझममधून साखळी सुखरूप पार नेणाऱ्या रचनेचाही ते भाग आहे.