रत्नागिरीहून टोरोंटोला, तेही जानेवारीत

तू लिहिलंयस की जानेवारीत टोरोंटोला शिकायला येतेयस, इथले फोटो बघितलेस तर सगळ्या मुली गादी गुंडाळून फिरल्यासारख्या दिसतात, आणि थंडी वाजू नये पण चारचौघींत बरंही दिसावं म्हणून रत्नागिरीतून काय घेऊन निघावं? कोट आणि बूट तिकडून अजिबात घेऊ नकोस. बाकीचं बरंच तिकडूनच आण.

आपल्याकडे पहाटे पारा १८ वर आला की कानटोप्या बाहेर पडतात. इथे जानेवारीत दुपारीसुद्धा शून्याच्या आसपास असतं, रात्री उणे सात-आठ, आणि लाट आली की उणे वीस. त्यात वारा. उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे २० लागतं. हवामानाच्या अ‍ॅपवर हा 'विंड चिल'चा आकडा वेगळा दिसतो, सकाळी कपडे तो बघून ठरवायचे. घर, वर्ग, ट्रेन मात्र सगळं तापवलेलं, साधारण २०-२२ अंशांवर. म्हणजे रस्त्यावर लोकांना तुझा फक्त कोट दिसणार आणि आत गेलीस की नेहमीचे कपडे. त्यामुळे जाडजूड स्वेटरांनी बॅग भरू नकोस, तुझे कुर्ते, शर्ट सगळे चालतात.

त्याखाली थर्मल हवेतच. मुंबईत युनिक्लो किंवा डेकॅथलॉनमध्ये पातळ, अंगालगतचे मिळतात, दोन-तीन जोड घे. लेबल वाच, सुती नकोत. आपण घामाचे लोक, सुती आपल्या अंगवळणी पडलेलं, पण इथे धावतपळत बस पकडलीस की सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग स्टॉपवर तेच ओलं कापड अंग गारठवतं. मेरिनो लोकर उत्तम पण महाग, पॉलिएस्टरचं मिश्रण चालतं. जीन्सही सुतीच, तिच्याखाली थर्मल चढवायचं. राम आळीत तुझा शिंपी असेलच, त्याच्याकडून एक-दोन लोकरी पँटी अस्तर लावून शिवून घे. अस्तर नसेल तर कापड थर्मलला चिकटून चालताना वर चढतं. इथे शिलाई परवडत नाही.

आता कोट. यावर पैसे घाल, दोनशे-तीनशे डॉलरची तयारी ठेव. लेबलवरच्या किमतीवर १३ टक्के कर वेगळा लागतो, हे लक्षात ठेव. २६ डिसेंबरपासून सेल सुरू होतात, जानेवारीतही बऱ्याच ठिकाणी चालू असतात, म्हणजे तू वेळेवर येतेयस. बदकाच्या पिसांचा, म्हणजे 'डाउन' कोट घे. त्यावर फिल पॉवर, म्हणजे पिसं किती फुलतात त्याचा आकडा, लिहिलेली असते, ५५० ते ६५० पुरते. आकडा जास्त तर तेवढ्याच उबेला पिसं कमी लागतात, म्हणून कोट हलका. गादी दिसू नये असं वाटत असेल तर आडव्या शिवणी जवळजवळ असलेला, कमरेत घेतलेला किंवा पट्टा असलेला, आणि गुडघ्याच्या जरा वर येणारा बघ. आखूड जॅकेट फोटोत छान दिसतं, मांड्या मात्र गारठतात. बाहीच्या आत विणलेली मनगटपट्टी आहे ना, चेनवर कापडाची पट्टी आहे ना, हे बघ. वारा तिथूनच शिरतो. आत स्वेटर घालून मापून बघ, हात वर करता आले पाहिजेत. रंग? इथे सगळे काळ्यात. काळा घेतलास तर एप्रिलपर्यंत रोजच संक्रांत! आपल्या वर्णाला मरून, बाटली हिरवा, मोहरी खुलून दिसतात. लोकरी लांब कोट फार रुबाबदार दिसतो, पण तो दुसरा, उणे पाचपर्यंतच्या कोरड्या दिवसांसाठी. त्यातही ७० टक्क्यांच्या खाली लोकर असेल तर घेऊ नकोस.

बूट अर्धा नंबर मोठे, जलरोधक, खाचांच्या तळव्याचे. घट्ट बुटात कितीही मोजे घाल, पाय गारच राहतात, कारण ऊब धरायला आत हवाच उरत नाही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग चामड्यावर बसतात. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्याच दिवशी पुसायचे.

थंडीतली खरी हौस गळ्याशी भागते. आईच्या कपाटातली लोकरी शाल आण, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत उन्हात टाकून. साध्या कोटावर ती अशी उठून दिसते की लोक थांबून विचारतात. हातमोजे बोटं एकत्र राहणारे घे, ते जास्त उबदार असतात.

साडी नेसायची असेल तर पूर्ण बाह्यांचा मखमली ब्लाउज शिवून आण, सुती परकराऐवजी थर्मल आणि वर सॅटिनचा परकर. निऱ्या वर खोचून बुटांतच हॉलपर्यंत जायचं, कोल्हापुरी पिशवीत. सगळ्या तेच करतात, दारात बुटांचा ढीग असतो.

थर्मल घालून विमानात बसू नकोस, उकडून मरशील. एक जोड, टोपी, मोजे आणि शाल हातातल्या बॅगेत ठेव आणि उतरण्याआधी तासभर चढव. कोट घेईपर्यंतचे एक-दोन दिवस कोणाचं तरी जॅकेट लागेल. घ्यायला येणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव, प्रत्येक घरात एखादं जास्तीचं असतंच.