दहा दिवसांसाठी मेळघाटात जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय ५४, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. दर पावसाळ्यात मेळघाटातल्या लहान मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या येतात, वाचून जीव कासावीस होतो. यंदा जुलैत दहा-बारा दिवस तिकडे जायचं मनात आहे, सोसायटीत कपडे आणि बिस्किटांचे बॉक्स गोळा करायला पण सुरुवात केलीय. पण मिस्टर म्हणतात तू डॉक्टर नाही नर्स नाही, जाऊन करणार काय? खरंच काही उपयोग होईल का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : जा, नक्की जा. मी पण डॉक्टर नाही, शाळेत मराठी शिकवायचे, आणि गेली नऊ वर्षं पावसाळ्यात मेळघाटातल्या धारणी तालुक्यात जातेय.

मिस्टरांना एक गोष्ट सांगा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या साध्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, म्हणजे वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, न्यूमोनिया कसा ओळखायचा असं सगळं, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा आणि घरी झालं असेल तर सात वेळा, ते त्याच कामातून आलंय. तेव्हा डॉक्टर नाही म्हणून काही करता येत नाही हे खरं नाही.

आता कपडे. ते गोळा करणं कृपया आजच थांबवा, रागावू नका. शहरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग मी समाजमंदिराच्या ओसरीवर पावसात कुजताना बघितलेत, आणि बिस्किटांचं तर त्याहून वाईट, पोर दोन पुडे खाऊन पोट भरतं आणि मग वरणभाताला तोंड लावत नाही. गरोदर बाईला अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, २०१५ पासून. ती तिथपर्यंत पोचते का, अन्न वेळेवर शिजतं का, हे बघायला माणूस लागतो. बॉक्सने ते काम होत नाही.

पावसाळाच का, हे पण समजून घ्या म्हणजे तिथं गेल्यावर गोंधळ होणार नाही. मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा, अमरावती जिल्ह्यातले हे दोन तालुके, वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. दिवाळीनंतर बरीच घरं कामाला बाहेर पडतात, होळीला काहीही करून परत येतात कारण होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. जून-जुलैपर्यंत घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच शेतात निंदणाचं काम निघतं, आई सकाळी सातला घर सोडते, तान्हं बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पाणी गढूळ, जुलाब, सर्दी-खोकला, आणि नाल्याला पूर आला की रस्ता बंद. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता, त्याआधीही हे होतंच, फक्त बाहेर कळत नव्हतं.

म्हणून पहिलं काम, सहाच्या आत उठून घरं गाठायची. दहाला गेलात तर फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतात.

गेल्या वर्षीचं एक सांगते. चार महिन्यांचं बाळ झोळीत झोपलेलं, आजी चुलीशी, आई शेतात. आशाताई म्हणाली मॅडम तुम्ही श्वास मोजा. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून त्याच्या उघड्या पोटाकडे बघत बसले, पूर्ण एक मिनिट, मध्ये नजर हलवायची नाही. ५८. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा वर गेला तर तो जोरात चाललाय असं धरतात. तिने परत मोजलं, ५६. छातीखालचा भाग आत ओढला जात होता. आजी म्हणाली पोरीला येऊ दे संध्याकाळी, मग बघू. मी चिखलातून शेतात गेले, आईला शोधलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली घरात अजून दोन आहेत त्यांना कोण बघेल? मी म्हटलं मी बघते. तेवढ्यावर ती निघाली. आशाताई रेंजसाठी टेकडीवर चढली, १०८ ला फोन लावला, गाडी नाल्याच्या पलीकडेच थांबली, दोन बाप्यांनी बाळ आणि आई पलीकडे नेली. मी दोन पोरांना खिचडी करून घातली आणि त्यांच्याजवळ झोपले. पाचव्या दिवशी बाळ परत आलं, दूध ओढत होतं.

त्या दिवशी औषध दिलं डॉक्टरांनी, ओळखलं आशाताईने, मी खिचडी केली. पण ती दोन पोरं बघायला कोणी नसतं तर आई निघालीच नसती.

आता जायचं कोणाबरोबर. एकट्या जाऊ नका, नवीन ग्रुप काढून तर मुळीच नको. वर्षभर तिथं राहणाऱ्या माणसांच्या कामाला तुमचे दहा दिवस जोडले गेले पाहिजेत, नाहीतर तुम्ही आलात, वजनं घेतलीत, फोटो काढलेत, आणि त्या आईला पुढच्या आठवड्यात विचारणारं कोणी नाही. पुण्याची ‘मैत्री’ संस्था १९९७ पासून मेळघाटात काम करतेय आणि पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवते. उतावलीला डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था आहे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे, २०१९ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी तिथंच संसार केला. आधी फोन करा, काय लागतं ते विचारा आणि ते सांगतील त्या तारखांना जा, आपल्या सोयीच्या नाही.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीच्या नात्यातली, मराठीशी तिचा काही संबंध नाही, पण मध्य प्रदेश शेजारी असल्याने हिंदी चालते. आणि भुमकाशी, म्हणजे गावातल्या वैदूशी, वाद घालू नका. लोकांचा त्याच्यावर जीव आहे. तोच म्हणाला दवाखान्यात न्या तर घरचे लगेच उठतात, मी दोनदा बघितलंय.

सामानात टॉर्च, रेनकोट, चांगली ग्रिप असलेल्या चपला, बास.

प्रश्न : आमच्या शाळेची नववीची मुलं एक दिवस आदिवासी पाड्यावर नेऊन खाऊवाटप करायचा विचार आहे, मुलांना जाणीव होईल. कसं वाटतं?
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : नका नेऊ सर. तुमच्या चाळीस मुलांना जाणीव व्हावी म्हणून तिथल्या चाळीस मुलांनी रांगेत हात पसरून उभं राहायचं, हे मला पटत नाही. न्यायचंच असेल तर भात लावणीला न्या, दिवसभर चिखलात वाकू द्या, त्या घरची मुलं त्यांना शिकवतील.

प्रश्न : मी अमरावतीतच राहतो, गुडघ्यांमुळे डोंगरात जाणं जमत नाही. पैशांव्यतिरिक्त काही करता येईल का?
— एक निवृत्त वाचक, अमरावती

उत्तर : काका, तुम्ही तर सगळ्यात मोक्याच्या जागी आहात! मेळघाटातून बाळाला पुढे पाठवतात ते बहुतेक तुमच्याच गावात. आई कधी शहरात आलेली नसते, केसपेपर कुठे काढायचा कळत नाही, बोर्ड वाचता येत नाही, नवरा बाहेर पायरीवर बसून असतो, दोघांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं, आणि मग तिसऱ्या दिवशी न सांगता बाळाला घेऊन निघून जातात, लोक म्हणतात आदिवासी पळून जातात. घाबरून जातात हो. वर सांगितलेल्या संस्थांना कळवून ठेवा की मी इथं आहे. फोन आला की डबा घेऊन जायचं, रांगेत त्यांच्याबरोबर उभं राहायचं, डॉक्टर काय म्हणाले ते हिंदीत सावकाश दोनदा सांगायचं, आणि बापाला रात्री झोपायला जागा आहे का ते विचारायचं. डबा दोघांचा न्या.