भाव बांधले, तरी हृदयाच्या गोळ्यांचं बिल का उतरत नाही?

वडिलांना अटॅक येऊन गेलाय, सरकारने औषधांचे भाव बांधलेत म्हणतात, मग महिन्याचं बिल आहे तेवढंच कसं, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक बहुतेक विडी कामगार, लूमवाले. त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर रोजचाच.

भाव बांधलेत हे खरं. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे सरकारचं औषध किंमत प्राधिकरण, ठरवतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल ही हृदयाची औषधं सगळी त्यात येतात. पण ठरवायची रीत बघा. बाजारात 1 टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के धरतात. गोळी बनवायला किती लागतं, हे 1995 च्या आदेशात बघायचे, आता नाही. म्हणजे फार महाग ब्रँड थोडा खाली येतो, आणि जो आधीच स्वस्त होता त्याच्या गिऱ्हाईकाला काहीच फरक पडत नाही. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे (घाऊक बाजारातली महागाई) एप्रिलमध्ये मर्यादा बदलते, बहुतेकदा वाढते: 2022 ला 10.77 टक्के, 2023 ला 12.12.

खरी गोम कॉम्बिनेशनमध्ये आहे. यादीत औषध असतं ते ठरावीक ताकदीचं, सुटं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये घातलं की सुट्या गोळ्यांची मर्यादा त्याला लागत नाही. यादीबाहेरच्या औषधाला वर्षाला 10 टक्के वाढवायची मुभा असते, आणि तेवढी वाढ बऱ्याच कंपन्या सोडत नाहीत. माझ्या मते बिल इथेच फुगतं. एक गोळी घेणं सोपं जातं हे मान्य, म्हातारी माणसं विसरत नाहीत.

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर मी परस्पर दुसरा देऊ शकत नाही, नियमच तसा आहे. म्हणून डॉक्टरांनाच विचारा, 'साहेब, सुट्या गोळ्या किंवा जेनेरिक नावाने (ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव) लिहून द्याल का?' तशी चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात, जा. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढं जुळवून घ्या.

स्टेंटचा (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळी) भाव मात्र खरंच उतरला. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 रुपयांची मर्यादा आली (कर वेगळा). त्याआधी एका स्टेंटचं बिल लाखाच्या वर जायचं. इथे भाव बांधल्याने माणसं वाचली, असं मी छातीठोक सांगेन.

वडिलांना स्टेंट असेल तर एक काळजी घ्या. आमच्याकडे पगार होईपर्यंत चार-पाच गोळ्या कापून नेतात आणि मधले दिवस तशीच काढतात. बीपीच्या गोळीचंही ते बरं नाही, पण रक्त पातळ करायची गोळी मध्येच तुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पैसे कमी पडत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.