शब्दचर्चा: वृक्षरेषा ‘सरकली’ की ‘परतली’?

प्रश्न असा आहे: ‘तापमानवाढीमुळे वृक्षरेषा (डोंगरावर ज्या उंचीनंतर झाडं संपतात ती हद्द) वर सरकली’ हे वाक्य बरोबर आहे का? झाडं तर जागची हलत नाहीत. शिवाय वृक्षरेषा म्हणावं की वृक्षसीमा?

शब्द दोन्ही चालतील. ‘हिमरेषे’च्या धर्तीवर वृक्षरेषा रुळायला सोपा, पण मला ‘सीमा’ जास्त पटतो, कारण डोंगरावर रेघ मारल्यासारखं काही नसतं. वर चढत जावं तसं दाट जंगल विरळ होतं, मग सुटी झाडं लागतात आणि शेवटी वाऱ्याने वेडीवाकडी झालेली, गुडघ्याएवढी खुरटी झाडं. सलग जंगल जिथे संपतं ती वनसीमा आणि ताठ उभी झाडं जिथे संपतात ती वृक्षसीमा, एवढा भेद पाळला तरी बरेच गोंधळ टळतात.

‘सरकली’बद्दलची शंका मात्र मला अनाठायी वाटते. राज्याची सीमा सरकते तेव्हा गावं कुठे चालत जातात? खरी अडचण वेगळी आहे. ‘सरकली’ म्हटलं की कारण झाकलं जातं.

वृक्षसीमा प्रामुख्याने वाढीच्या हंगामातल्या उबेवर ठरते, हिवाळ्याच्या कडाक्यावर नाही. त्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झाडाला नव्या पेशी घडवणं जमत नाही. जमिनीलगतची झुडपं उन्हात तापून निभावून नेतात; उंच झाड थंड हवेत उघडं पडतं. म्हणून विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या बोलिव्हियात पॉलिलेपिसची झाडं ५,००० मीटरच्या आसपास दिसतात आणि उत्तर स्कँडिनेव्हियात काहीशे मीटरवरच झाडं संपतात. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये आजच्या सीमेच्या वर ब्रिसलकोन पाइनचे हजारो वर्षांपूर्वीचे वाळलेले बुंधे अजून टिकून आहेत. हवा गार होत गेली तशी सीमा खाली आली. इथे ‘उतरली’ म्हणावं, कारण सीमा पूर्वी वर होती याचा पुरावा समोर आहे.

आल्प्समध्ये मात्र शतकानुशतकं चराईसाठी जंगल तोडून वृक्षसीमा खाली ढकलली गेली होती. विसाव्या शतकात अनेक कुरणं ओस पडली आणि झाडं पुन्हा वर आली. स्वित्झर्लंडमध्ये जंगल वाढलं त्यातला मोठा वाटा या सोडून दिलेल्या कुरणांचा आहे, तापमानाचा वाटा त्यामानाने लहान. तिथे ‘परतली’ हेच क्रियापद योग्य.

काळाचंही भान हवं. वर पडलेलं बी रुजून, रोप हिमाखाली तगून, झाड व्हायला दशकं जातात. उलट हवा प्रतिकूल झाली तरी जुनी झाडं उभीच राहतात. जगभरातल्या १६६ ठिकाणांच्या २००९च्या आढाव्यात निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी सीमा वर गेलेली आढळली, मागे हटलेली अगदी एखाद-दुसऱ्या ठिकाणी. बाकी ठिकाणी ती होती तिथेच. म्हणून ‘सरकली’पेक्षा ‘सरकते आहे’ सहसा जास्त खरं ठरतं.

आणि मध्य हिमालयातल्या भूर्जवृक्षाबद्दल लिहायचं तर आणखी सावध राहावं. तिथे पावसाळ्याआधीचा कोरडा काळ नव्या रोपांच्या मुळावर उठतो. ऊब वाढली पण ओल घटली, तर ‘थबकली’ लिहावं लागेल.