प्रश्न तुमचे, पाना माझा: मोटरहोममध्ये गरम पाणी येईना

प्रश्न: आम्ही टेम्पेला (ॲरिझोना) राहतो. जुनं क्लास-सी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मध्यम आकाराची गाडी) घेतलंय. सांगलीहून आई-बाबा आलेत, त्यांना घेऊन ग्रँड कॅन्यन आणि पेज गावाला जायचंय. वॉटर हीटर गॅसवर लावला की टकटकटक होतं, फुस्स होतं, पिवळी ज्योत दिसते आणि दोन-चार सेकंदांत विझते. तीनदा असं झालं की आतला लाल दिवा लागतो. विजेवर लावला तर नळाला जेमतेम कोमट पाणी. दुकानवाला म्हणतो, अख्खा हीटर बदला. बाबा म्हणतात, "आधी सेल बदलून बघ." कुणाचं ऐकू?

उत्तर: बाबांचं. दुकानवाल्याला तूर्त लांबूनच नमस्कार करा. तुमच्या पत्रात दोन निराळी दुखणी आहेत आणि दोन्हींत टाकीचा काडीचा दोष दिसत नाही. टाकी गळत असती तर मीच बदला म्हटलं असतं.

आधी गॅस. टकटक होतंय म्हणजे ठिणगी पडतेय. ज्योत लागतेय म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोय आणि गॅसही पोचतोय. मग विझते का? ज्योत लागली की नाही याची चाचपणी बहुतेक हीटरमध्ये ठिणगी टाकणारा इलेक्ट्रोडच करतो. त्याला ती जाणवली नाही, की हीटरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड गॅस तोडतो. ठरावीक वेळा प्रयत्न करून लाल दिवा लावतो आणि गप्प बसतो. म्हणून सारखं बंद-चालू करत बसू नका.

तुमची ज्योत पिवळी आहे, हीच खरी खूण. चांगली ज्योत निळी असते आणि तिचा घोंघावणारा आवाज येतो. पिवळी, लोळणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत त्याला कारण बहुतेक वेळा कोळी नाहीतर कुंभारीण माशी. गॅसला मुद्दाम लावलेल्या वासाने हे जीव ओढले जातात, असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. मी एका बर्नरमधून खडूच्या कांडीएवढं मातीचं घर काढलंय, आतल्या अळीसकट.

गॅसची मुख्य तोटी बंद करा, हीटरचं बटण बंद करा, तो गार होऊ द्या आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाचं जाळीचं झाकण उघडा. व्हॉल्व्हपासून टाकीकडे जाणारी बर्नरची नळी दिसेल. बाटल्या घासायच्या बारीक, लांब ब्रशाने ती आतून साफ करा. गॅस ज्यातून येतो त्या पितळी तोंडाच्या भोकात मात्र टाचणी, सुई काहीही घालायचं नाही. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योतीचं गणित बिघडतं. ते तोंड काढून अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, वाळवा, बसवा. परत जोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, ते बघा. झाकणाच्या आतून काजळी धरली असेल तर तीही पुसा, म्हणजे पुन्हा धरली तर लगेच कळेल.

इलेक्ट्रोडचं टोक आणि त्याच्या समोरचा पत्रा यांत साधारण 3 मिलिमीटर फट हवी. अर्थिंगची वायर गंजली असेल तर घासा. बोर्डाचा कनेक्टर उपसून कडेचे तांब्याचे पट्टे शाळकरी खोडरबराने हलकेच घासा. हसू नका, निम्मे "जळालेले" बोर्ड याच औषधाने बरे होतात.

आता बाबांचे सेल. सांगलीच्या बाथरूममधल्या गॅस गीझरमध्ये दोन जाडे सेल असतात, ते उतरले की ठिणगी पडत नाही. त्यांचा अनुभव तिथला आहे आणि तर्क इथेही लागू पडतो. मोटरहोमचा बोर्ड 12 व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या राहत्या भागातल्या बॅटरीवर चालतो. टकटक चालू असताना मल्टिमीटर बोर्डापाशीच लावा, बॅटरीपाशी नको. बॅटरीवर साडेबारा आणि बोर्डावर अकराच्याही खाली दिसले, तर मधला एखादा जोड गंजलाय.

दुसरं दुखणं कोमट पाण्याचं. विजेवर पाणी तापतंय ना? मग एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कांडी, जिवंत आहे. बहुतेक गाड्यांत तो 1440 वॉटचा असतो. हीटरमधून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला क्षणभर बोट लावा. तिथे चटका बसतोय आणि मोरीत कोमट येतंय, याचा अर्थ वाटेत गार पाणी मिसळतंय. दोनच ठिकाणी बघा. हीटरच्या मागे बायपासचे, म्हणजे टाकी वगळून पाणी पुढे नेणारे व्हॉल्व्ह असतात. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरताना ते फिरवतात आणि वसंतात पूर्ववत करायला विसरतात. जुन्या मालकाने तेच केलं असावं. दुसरं म्हणजे गाडीबाहेरचा शॉवर. त्याच्या दांड्यावरचं बटण बंद आणि दोन्ही नळ उघडे राहिले, तर गार पाणी तिथून गरम लाइनीत शिरतं. बाहेर थेंबही पडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ 2100 मीटरच्या आसपास आहे. तिथल्या विरळ हवेत ज्योतीचं टोक किंचित पिवळं झालं तर घाबरू नका, काजळी तेवढी बघत राहा. टाकी पूर्ण भरल्याशिवाय मात्र विजेचं बटण दाबायचं नाही. गरम नळाला अखंड धार आली की टाकी भरली. कोरड्या टाकीत एलिमेंट काही क्षणांत जळतो.

प्रश्न: फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. गार पाणी ठीक आहे. (कॅलगरी)

उत्तर: टाकीत जंतू झालेत. पोलादी टाकीत तिला गंजापासून वाचवायला मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याच्या सोबतीने हा वास जास्त येतो. पाणी पूर्ण गार झाल्यावर, पंप बंद करून आणि नळ उघडून दाब उतरवल्यावरच दांडा काढा. दाब असताना पाना लावलात तर थेट इस्पितळ. टाकी धुवा, थोडं ब्लीच घातलेलं पाणी काही तास ठेवा, मग वास जाईपर्यंत खळबळून काढा. क्षार काढायला व्हिनेगर वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं की विषारी वायू होतो. दांड्याची नुसती तार उरली असेल तर नवा घाला. ॲल्युमिनियमच्या टाकीला दांडा नसतो, तिथे हौसेने बसवू नका.

प्रश्न: पाणी तापताना बाहेरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात. बदलू का? (डॅलस)

उत्तर: इतक्यात नको. टाकीच्या वरच्या भागात हवेचा थर लागतो, तो नाहीसा झाला की तापून फुगलेलं पाणी व्हॉल्व्हमधून वाट काढतं. हीटर गार करा, पंप आणि बाहेरून येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडा, व्हॉल्व्हचा दांडा उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या, मग सोडा. त्यानंतरही गळत राहिला तर बदला. त्याच्या तोंडाला बूच मात्र चुकूनही मारू नका.