सर्सीची सत्ता कोणासाठी?

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेतील राणी सर्सी मुलांसाठीच सत्ता मिळवते, असे आमच्या घरी सगळे म्हणतात. आपणांस ते पटते का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पूर्णपणे नाही. मुलांवरील तिचे प्रेम खरे आहे. परंतु केवळ मुलगी म्हणून वडिलांनी, म्हणजे टायविनने, आपल्याला वारसाचा मान दिला नाही, हा सल त्या प्रेमाहून जुना आहे. सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात (२०१६) ती विरोधकांसह सारे प्रार्थनास्थळ उडवून देते, त्यात सून मार्जरी मरते, ते कळताच मुलगा टॉमेन खिडकीतून उडी घेतो, आणि तरीही सर्सी सिंहासनावर बसतेच. (शेताच्या वाटणीवरून भांडणारे आपल्या खानदेशातले भाऊही ‘पोरांसाठीच’ म्हणतात!) धाकटा भाऊ टायरियन याच्यावरचा तिचा राग मात्र निराळा, त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली, हे तिने त्याला कधीच माफ केले नाही.