सेल्फ-सर्व्ह कार वॉशच्या बेसाठी केमिकल सोडण्याची कोणती यंत्रणा घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की चार बेचं, म्हणजे गाडी धुवायच्या चार खणांचं, जुनं वॉश घेतलंय, मागच्या खोलीतल्या टाक्या आणि नळ्यांचा पसारा काढून टाकायचाय, आणि सेल्समन म्हणतोय, "एकच इलेक्ट्रॉनिक पॅनेल बसवा, सगळी केमिकल्स तिथूनच सुटतील, तुम्हाला हात लावावा लागणार नाही." हे खरं का, कुठल्या कंपनीचं घ्यावं, बजेट किती धरावं, असं विचारलंय.

"हात लावावा लागणार नाही" हे वाचलं आणि स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले. अगदी हेच वाक्य आमच्याकडे एका दिवाळीला फराळाच्या ताटासमोर बोललं गेलं होतं. बोलणारे माझे मोठे दीर. वॉशमध्ये त्यांचेही पैसे आहेत, त्यामुळे गप्प बसून ऐकावं लागलं.

थेट उत्तर आधी देते. चार बेला टाक्या, त्यावर हायड्रोमाइंडर (वाहत्या पाण्याच्या ओढीने केमिकल मिसळणारं साधन) आणि पुढे ढकलायला हवेवर चालणारे, रबरी पडद्याचे छोटे डायफ्राम पंप. पॅनेल नको. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच.

आमचं वॉश डॅलसच्या दक्षिणेला, वॅक्साहॅचीच्या बाजूला आहे. तिथली माती काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. मी रावेरची, केळीच्या पट्ट्यातली, म्हणून पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा चपलेला चिकटलेला तो गोळा बघून मला घरी आल्यासारखंच वाटलं. पाऊस पडून गेला की पिकअपच्या चाकांच्या वर हा चिखल वाळून बसतो. नुसत्या पाण्याच्या प्रेशरने तो हलत नाही, आधी प्रीसोक, म्हणजे धुण्याआधी मारायचं केमिकल, मुरावा लागतो. आमच्या गिऱ्हाइकाला चकाकी दुय्यम, त्याला चिखल निघायला हवा. म्हणजे केमिकल नीट सुटलं नाही तर वॉशला अर्थ नाही.

माझ्या बाबांचं रावेरला ठिबकच्या सामानाचं दुकान होतं. व्हेंचुरी मी शाळेत असताना जोडायला शिकले. मेन लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडला की बाजूची व्हेंचुरी बादलीतलं विद्राव्य खत ओढायला लागते. फिल्टर चोंदला, मोटार बदलली, कुणी शेजारचा व्हॉल्व्ह उघडला की ओढ कमी होते आणि गेजकडे बघून ते कळत नाही. बाबांचं सांगणं असायचं की गेजकडे नको, बादलीकडे बघ, किती मिनिटांत किती उतरली ते बघ. हायड्रोमाइंडर म्हणजे हीच व्हेंचुरी, फक्त टाकीवर बसवलेली आणि तरंगणाऱ्या गोळ्याने चालूबंद होणारी. पातळी खाली गेली की पाणी सुरू होतं, पाणी जाताना ड्रममधलं केमिकल ओढतं, टाकी भरली की थांबतं. किती ओढायचं ते नळीच्या तोंडाशी बसवलेल्या रंगीत टिपच्या भोकावर ठरतं. वीज लागत नाही. बिघडलं तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं.

भाऊजींना हे "गावठी" वाटायचं. त्यांचा शब्द. ते सॉफ्टवेअरमधले, त्यांना फोनवर दिसणारा डॅशबोर्ड हवा होता. पॅनेल आलं, भिंतीवर लागलं, दिसायला खरंच देखणं होतं. प्रत्येक केमिकलला वेगळा मोटारवाला डोसिंग पंप, सगळ्यांना मिळून एक कंट्रोल बोर्ड. बसवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरने जुन्या टाक्या भंगारात घालायला सांगितल्या. भाऊजीही तेच म्हणत होते. मी त्या शेडमागे ठेवल्या, आणि पंपांच्या तोंडावरचे 24 व्होल्टचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, तेही काढू दिले नाहीत. त्यावरून जाऊबाईंसमोर बरंच बोलणं झालं. अडगळ जमवायची सवय वगैरे.

पुढच्या वसंतात एका शुक्रवारी रात्री विजांचं वादळ झालं. टेक्सासात ही काही बातमी नव्हे. शनिवारी सकाळी लख्ख ऊन, सगळ्या काउंटीच्या गाड्या चिखलाने माखलेल्या, चारही बेसमोर रांग. आणि बोर्ड मेलेला. आता गंमत बघा, बेमधला टायमर आणि पैसे घेणारं यंत्र वेगळं असतं, ते ठणठणीत होतं. माणूस कार्ड लावतो, नॉब "सोप"वर फिरवतो, पैसे चालू होतात आणि फवाऱ्याच्या बंदुकीतून साधं पाणी येतं. तिसऱ्या बेमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बोलावून शांतपणे विचारलं, "मॅम, हा साबण अदृश्य आहे का?" त्याचे पैसे परत केले. त्याच्यामागच्यांचेही केले.

डिस्ट्रिब्युटरला फोन केला. बोर्ड स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, तंत्रज्ञ सोमवारनंतर. भाऊजी फोनवर डॅशबोर्ड उघडून मला सांगत होते की सिस्टीम ऑफलाइन दाखवतेय. मी म्हटलं, "भाऊजी, ते मला इथून दिसतंय."

शेडमागून टाकी काढली, धुतली, पंपांच्या पातळीपेक्षा उंच स्टँडवर चढवली. 30 गॅलन पाण्यात 60 औंस साबण, म्हणजे गॅलनला 2 औंस. गॅलनमध्ये 128 औंस असतात, म्हणजे एकास 64. प्रमाण हाताने मोजून घातलं. टाकीतून नळी सोलेनॉइडला आणि सोलेनॉइडच्या तारा बेच्या नॉबला जोडल्या. हे सगळं तिथे जुनंच होतं, फक्त पुन्हा जोडायचं होतं. दुपारच्या आत चारही बेत हाय प्रेशर सोप सुरू झाला. फोम ब्रश पंप एका बादलीतून चालवला, त्याला हवा पुरते. प्रीसोक त्या दिवशी दोनच बेत देता आला.

भाऊजींचं म्हणणं आजही असं आहे की दोष विजेचा होता, पॅनेलचा नव्हता, सर्ज प्रोटेक्टर चांगला असता तर काही झालं नसतं. अहो, पण माझं म्हणणं दोष कुणाचा हे नाहीच! एक वस्तू गेली तर किती बे बंद पडतात, एवढाच माझा प्रश्न आहे. एक हायड्रोमाइंडर बिघडला तर एक केमिकल थांबतं आणि ते मी पेल्याने मोजून टाकीत घालू शकते. बोर्ड गेला की सगळंच थांबतं आणि तिथे पेला घेऊन करणार काय?

दुसरा वाद मोजण्याचा. पॅनेल सांगायचं की प्रीसोक एकास 40 जातोय. मी ड्रममधली नळी खुणा केलेल्या जगमध्ये घातली, एक मिनिट बे चालवला आणि किती उतरलं ते पाहिलं. थंडीत कितीतरी कमी उतरायचं, कारण दाट साबण गारठला की ओढला जात नाही, आणि स्क्रीन मात्र तेच एकास 40 दाखवायची. पंपाने किती फेरे मारले तेवढंच तिला कळतं. हायड्रोमाइंडरलाही थंडीत हाच त्रास होतो, खोटं कशाला सांगू. पण तिथे टिप बदलायला अर्धा मिनिट लागतो. हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या टिपा मी वेगवेगळ्या डब्यांत ठेवते. तुम्ही काहीही बसवलंत तरी जग आणि घड्याळ घेऊन दर महिन्याला प्रत्येक केमिकल मोजा. समजा 20 डॉलर गॅलनचं केमिकल एकास 100 जायला हवं आणि ते एकास 50 जातंय. तयार मिश्रणाचा गॅलन 20 सेंटचा 40 सेंट होतो, आणि गाडी काही दुप्पट स्वच्छ होत नाही.

सेल्समन जे कधीच सांगत नाहीत ते म्हणजे नळीची जाडी आणि लांबी. मागच्या खोलीपासून शेवटच्या बेच्या बूमपर्यंत, म्हणजे बंदुकीची नळी लटकते त्या वरच्या फिरत्या दांड्यापर्यंत, 60 फूट नळी असेल आणि आतला व्यास तीन-अष्टमांश इंच असेल, तर तिच्यात जवळजवळ एक तृतीयांश गॅलन मावतं. लो प्रेशरला बंदुकीतून मिनिटाला साधारण एक गॅलन बाहेर पडतं. म्हणजे नळी रिकामी असेल तर गिऱ्हाइकाने नॉब फिरवल्यावर वीसेक सेकंद काहीच येत नाही, आणि त्या सेकंदांचे पैसे त्याने मोजलेत. म्हणून प्रत्येक लो प्रेशर केमिकलला स्वतंत्र, पाव इंची नळी आणि बूमजवळ चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), म्हणजे नळी भरलेली राहते. आमच्या पॅनेलवाल्याने सगळी केमिकल्स एकाच जाड नळीतून सोडली होती. वॅक्स दाबलं की आधी उरलेला प्रीसोक यायचा. शेवटच्या बेला हे सगळ्यात जास्त जाणवायचं, म्हणून ती बे नेहमी रिकामी, आणि भाऊजींनी त्याचं कारण शोधलं होतं की तिथे सावली कमी आहे.

डायफ्राम पंप घेताना आतलं रबर कुठलं ते विचारा. फ्लोजेट कंपनीचे छोटे पंप या धंद्यात सगळीकडे दिसतात आणि मला आवडतात, पण एकच पंप सगळ्याला चालत नाही. तेलकट, पेट्रोलियमवाल्या वॅक्सला ईपीडीएम रबर फुगतं, तिथे व्हायटॉन नावाचं दुसरं रबर हवं. उलट व्हायटॉन तीव्र अल्कलीला टिकत नाही, आणि बहुतेक प्रीसोक अल्कलीचेच असतात. आमच्याकडे "सगळे सारखे ठेवा, स्पेअर एकच लागेल" म्हणून ईपीडीएमचेच पाठवले गेले होते. वॅक्सच्या पंपाचा डायफ्राम काढला तेव्हा तो पुरीसारखा टम्म फुगलेला होता. केमिकलवाल्याकडून सुसंगततेचा तक्ता लेखी घ्या.

डोसाट्रॉन या डोसिंग पंपाबद्दल कुणी सांगेलच. फ्रेंच बनावटीचा, पाण्याच्या प्रवाहावर चालणारा पिस्टन, वीज नको आणि प्रमाण पाण्याच्या दाबावर फारसं अवलंबून नाही. वस्तू चांगली आहे. पण आत सील आहेत, पाण्यात गाळ असला तर ते झिजतात, पुढे फिल्टर लागतोच. मी एक स्पॉट-फ्री रिन्सच्या (डाग न ठेवणाऱ्या शेवटच्या पाण्याच्या) आधीच्या ड्रायिंग एजंटला, म्हणजे गाडी लवकर सुकवणाऱ्या केमिकलला, लावलाय आणि खूश आहे. सगळीकडे लावायला मन होत नाही.

केमिकल कोणतं हा तुमचा प्रश्न नव्हता, तरी एक सांगते. अमोनियम बायफ्लुओराइड किंवा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेला व्हील क्लीनर सेल्फ-सर्व्ह बेमध्ये सोडू नका, डिस्ट्रिब्युटरने कितीही चमक दाखवली तरी. तिथे लोक हाफ चड्डीत, पोरांना घेऊन उभे असतात. हे ॲसिड कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि पातळ असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात. यावर आमच्या घरात वाद झाला नाही, कारण मी तो होऊच दिला नाही.

आता माझ्या बाजूच्या उणिवा. माझे सगळे डायफ्राम पंप एका कॉम्प्रेसरवर चालतात. तो गेला तर लो प्रेशरचं सगळं बंद, हे भाऊजी मला दर वेळी ऐकवतात आणि ते बरोबर आहे. म्हणून दुसरा छोटा कॉम्प्रेसर जोडूनच ठेवलाय. तुमचं वॉश घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल आणि तिथे रोज कुणी जाणारं नसेल, तर ड्रम रिकामा झाल्याचा निरोप फोनवर देणारं पॅनेल तुम्हाला उपयोगी पडेल. मी रोज जाते, मला ड्रम दिसतो. आठ-दहा बे आणि शेजारी ऑटोमॅटिक असेल तर हिशेब वेगळा, त्यातला माझा अनुभव नाही. आणि हायड्रोमाइंडर घेताना एअर गॅपवालाच (शहराचं पाणी आणि केमिकल यांच्यात हवेची मोकळी जागा ठेवणारा) घ्या, आधी शहराच्या प्लंबिंग इन्स्पेक्टरशी बोला. केमिकल उलटं शहराच्या पाण्यात जाऊ नये म्हणून ते बॅकफ्लोच्या बाबतीत फार कडक असतात, आणि त्यांनी आक्षेप घेतला तर बसवलेलं उखडावं लागतं.

कंपनीचं नाव विचारलंत. तुमच्या गावापासून गाडीने दोन तासांत कुणाकडे टिपा, सोलेनॉइड आणि डायफ्राम किट शेल्फवर आहेत ते बघा, तो जी कंपनी विकतो ती घ्या. शनिवारी दुकान उघडं असतं का, तेही विचारा.

बजेटचा आकडा मी देत नाही, कारण तुमच्याकडे वॉटर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाणी जड असेल तर अर्धा साबण कॅल्शियमच खातं, टिपांच्या भोकांत क्षार बसतात आणि मग हायड्रोमाइंडर काय, पॅनेल काय, दोन्ही खोटं बोलतात. आधी हार्डनेस मोजून इथे खाली लिहा, मग पुढचं सांगते. तोवर जुन्या टाक्या भंगारात देऊ नका.